बॅलीगूल : बॉक्स रूममधला बीट हंगाम

१२ ऑक्टोबर २०२४ (दसरा)

सकाळी जिगसॉ, ड्रिल, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर एका पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. झेंडू सुपरमार्केटमधला, आपट्याच्या जागी परसातल्या झाडाची चार पानं. मुलीनं विचारलं, मल्टिमीटर हत्यार असतं का? असतं म्हटलं. वर्षभर सगळ्यात जास्त तेच लागणार आहे.

दुपारी मॉडेल रेल्वेसाठी पहिली फळी कापली. डब्लिनच्या घरातली ही तिसरी खोली, इथल्या भाषेत बॉक्स रूम, २.४ मीटर बाय २.१ मीटर. वाटाघाटीत मला एक लांब भिंत आणि खिडकीखालचा कोपरा मिळाला. अट एकच: पाहुण्यांची घडीची खाट पूर्ण उघडली पाहिजे. म्हणून सगळा मांडव जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, खाली खाट. पुण्याहून मेहुणे आले की ते रुळांखाली झोपतील.

९ मिलिमीटरचा प्लायवूड, १२०० बाय ४५० चे दोन बोर्ड, दर ३०० मिलिमीटरला आडवी पट्टी. पट्ट्यांना वायरींसाठी भोकं आत्ताच पाडली. मागच्या वेळी नंतर पाडली होती आणि एक थेट बोटातून गेलं होतं.

१९ ऑक्टोबर

मॉडेलसाठी बीटचीच गाडी का, हे एकदा लिहून ठेवतो, कारण सगळे विचारतात.

मी वाळवा तालुक्यातला. आमच्याकडे वर्षाचे दोनच ऋतू, हंगाम चालू आणि हंगाम बंद. आयर्लंडला २०१७ मध्ये आलो. इथल्या रेल्वेचा नाद लागला तो जुन्या फोटोंच्या एका खोक्यामुळे. रविवारच्या बाजारात दहा युरोला घेतलं होतं. त्यात एक फोटो होता: नारिंगी-काळी दोन इंजिनं जोडून लावलेली, मागे गंजलेल्या उंच वाघिणी आणि त्यांत काठोकाठ मातकट गोळे. मला वाटलं बटाटे. मॉडेल रेल्वेच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, बीट आहे, साखरेचं.

साखर म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

आयर्लंडात साखर कारखाने चार होते. पहिला कार्लोला, १९२६ सालचा. मॅलो, थर्ल्स आणि ट्यूम हे १९३० च्या दशकातले. शेवटी मॅलोचा एकटाच उरला आणि युरोपीय संघाचं साखरेचं धोरण बदलल्यावर २००६ मध्ये तोही बंद झाला. बीट शरदात निघतं, म्हणजे हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, आपल्या गाळपाच्याच सुमाराला. वेक्सफर्ड जिल्ह्यातल्या वेलिंग्टनब्रिज स्टेशनावर शेतकऱ्यांचं बीट वाघिणींत भरायचं आणि गाडी वॉटरफर्ड, लिमरिक जंक्शन करत मॅलोला जायची. मी इथे उतरलो तेव्हा हे सगळं थांबून अकरा वर्षं झाली होती. न पाहिलेल्या गाडीचं मॉडेल करतोय, हे मला मान्य आहे. पण हंगाम मी पाहिलेला आहे.

२७ ऑक्टोबर

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, निर्णय. तीन आठवडे झोप गेली होती.

आयर्लंडचं गेज ५ फूट ३ इंच, १६०० मिलिमीटर. सुरुवातीला इथे तीन कंपन्यांनी तीन तऱ्हा केल्या. डब्लिन-किंग्जटाउनचे रूळ ४ फूट साडेआठ इंच, अल्स्टर रेल्वेचे ६ फूट २ इंच, द्रोहेडाकडच्यांचे ५ फूट २ इंच. भांडण लंडनला गेलं, तिथल्या मेजर-जनरल पॅसली यांनी सगळ्यांच्या मधला आकडा काढून दिला आणि १८४६ च्या कायद्यानं तो पक्का झाला. कुणाचंच समाधान न करणारा तोडगा, पण पावणेदोनशे वर्षं टिकला.

आता मॉडेलचं गणित. एका फुटाला ४ मिलिमीटर हे प्रमाण धरलं (१:७६) तर ५ फूट ३ इंच म्हणजे बरोबर २१ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे २२. मिरज आणि वेलिंग्टनब्रिज यांच्यात माझ्या टेबलावर एका मिलिमीटरचाच फरक. पण बाजारात तयार मिळतो तो रूळ साडेसोळाचा. ब्रिटिश ओओ मॉडेलांची ही जुनी तडजोड त्यांच्याच ४ फूट साडेआठ इंचांनाही अपुरी पडते, आयरिश गाडीला तर साडेचार मिलिमीटर कमी. समोरून पाहिलं की इंजिन पाय जुळवून उभं असल्यासारखं दिसतं.

२१ करायचं तर रूळ हातानं बांधायचे, रूळ बदलायचे सांधे हातानं बांधायचे आणि प्रत्येक इंजिनाचे आस बदलायचे. क्लबात दोघे तसं करतात. त्यातल्या एकाचा लेआउट बारा वर्षं झाली, चालू व्हायचाय. मी साडेसोळा घेतला. पेको कंपनीचा कोड ७५, म्हणजे रुळाची उंची इंचाचे ७५ हजारांश भाग. बाजूनं बघा, समोरून बघू नका, अशी पाटी लावीन.

१० नोव्हेंबर

वेलिंग्टनब्रिजला जाऊन आलो. गाडीनं दोन तासांवर. कॉरॉक नदीवरचं छोटं गाव, पुढे बॅनोची खाडी. ११६९ मध्ये नॉर्मन लोक आयर्लंडात पहिल्यांदा उतरले ते याच खाडीत. मला मात्र स्टेशन हवं होतं. रॉसलेअर-वॉटरफर्ड मार्गावरची प्रवासी गाडी १८ सप्टेंबर २०१० ला शेवटची धावली. बीट गेल्यावर मार्गावर मालाची मदार उरलीच नव्हती.

कुंपणाच्या आत गेलो नाही, रस्त्यावरूनच पाहिलं. रुळांना गंज आणि गवत. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते यार्डाचं रुंदावणं. प्रवाशांसाठी एवढुसं स्टेशन आणि त्याला चिकटून ही एवढी मोकळी जागा. साखर कारखान्याच्या गेटाबाहेरचं मैदान हंगाम नसताना असंच दिसतं, उगाच मोठं.

परत येताना ठरवलं, हुबेहूब वेलिंग्टनब्रिज करायचं नाही. मोजमापं चुकली की तिथले लोक बोट ठेवणार. त्याच मार्गावरचं एक काल्पनिक स्टेशन करायचं, काळ नोव्हेंबर १९९८, वर-खाली होणाऱ्या हातांचे सिग्नल आणि नारिंगी इंजिनं चालू असतानाचा.

१७ नोव्हेंबर

नाव ठरलं: बॅलीगूल. खरं म्हणजे मी गमतीनं ‘बॅलीगूळ’ म्हटलं होतं. इथे निम्म्या गावांच्या नावात ‘बॅली’ असतं, आयरिश ‘बाल्या’ म्हणजे गाव. गूळगाव. पण स्टेशनची पाटी दोन भाषांत हवी, वर आयरिश, खाली इंग्रजी. आयरिशमध्ये ‘गूळ’ कसा लिहायचा? शेजारची शाळामास्तरीण म्हणाली, आयरिशमध्ये कोळशाला ‘गूअल’ म्हणतात, ‘कोळशाचं गाव’ असं नाव सहज खपून जाईल. त्यामुळे पाटीवर कोळसा आहे आणि आमच्या घरात गूळ. मुलीनं पाटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ढेप काढली आहे, एक मिलिमीटरची. तशीच राहू देणार.

१ डिसेंबर

वायरिंग. बोर्डांखालून दोन जाड वायरी, लाल आणि काळी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिथून स्वतःची बारीक वायर. जोडपट्ट्यांवर वीज पोहोचवायचा भरवसा ठेवायचा नाही. पहिल्या थंडीत त्या सैल होतात आणि इंजिन नेमकं फाटकाच्या मधोमध थांबतं. एकूण चौतीस ठिकाणी डाक दिला. पाठ धरली.

८ डिसेंबर

शॉर्ट. पूर्ण लेआउट मेला. कंट्रोलर चालू केला की पिपाणी वाजवून बंद.

अडीच तास शोधत होतो. वायरी एकेक सोडवल्या, सांधे उचलून पाहिले. शेवटी दोष निघाला तो लेआउटमध्ये नव्हताच. मनाच्या समाधानासाठी २१ मिलिमीटरचा एक तुकडा, ३० सेंटिमीटर, हातानं बांधला होता. फडताळावर एक वाघीण खऱ्या गेजात उभी करायला. त्यात स्लीपर म्हणजे तांब्याचा पत्रा चढवलेल्या पट्ट्या, त्यांवर रूळ डाक देऊन बसवतात आणि पत्र्यात मधोमध करवतीनं फट पाडतात, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात. एकोणतीस पट्ट्यांना फट होती. तिसाव्या पट्टीला नव्हती. आणि हा तुकडा मी चाचणीसाठी लेआउटच्याच वायरींना क्लिपा लावून ठेवला होता. मल्टिमीटरला झेंडू वाहिल्याचं सार्थक.

२८ डिसेंबर

नाताळची सुट्टी, बाहेर पाऊस. मुलीला घेऊन मालाहाइडला सिरिल फ्राय यांची मॉडेलं पाहिली. फ्राय हे इंचिकोर वर्कशॉपमधले रेल्वेचे माणूस, १९७२ मध्ये वारले. मूळ आराखड्यांवरून घरी एकेक इंजिन बांधत गेले. माझ्यापेक्षा मोठं प्रमाण, एका फुटाला ७ मिलिमीटर. त्यांच्या इंजिनांचे रिव्हेट मोजत मी एका काचेपाशी वीस मिनिटं उभा. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही तर विकत आणता. गप्प बसलो.

२४ जानेवारी २०२५

एओविन वादळ. सगळ्या देशाला लाल इशारा, शाळा-कचेऱ्या बंद. गॉलवेकडे मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आजवरचा इथला विक्रम. आमच्याकडे सकाळीच वीज गेली. टॉर्च तोंडात धरून रुळांच्या बाजू गंजाच्या रंगानं रंगवल्या, दोन मीटर पूर्ण. दिवे आल्यावर कळलं की बाटली गंजाची नव्हती, विटेची होती. लांबून चालतंय.

९ फेब्रुवारी

आज इंजिनं जुळवली.

बीटच्या गाडीला मी १४१ वर्गातली दोन इंजिनं जोडून लावणार. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९६२ मध्ये अशी ३७ पाठवली, प्रत्येकी ९५० अश्वशक्तीची. एक कमी पडतं, म्हणून जोडी. नारिंगी-काळा रंग आणि पांढऱ्या रेघा. चुका खोडायच्या पांढऱ्या शाईसारख्या दिसतात म्हणून इथले नादिष्ट त्याला ‘टिपेक्स’ रंग म्हणतात.

गंमत ही की एकाच कंपनीची, एकाच खोक्यातून आलेली दोन मॉडेलं एका वेगानं पळत नाहीत. जोडली की पुढचं ओढतं, मागचं ढकलतं आणि मधल्या वाघिणी रुळांवरून उतरतात. उपाय मोजण्याचा. खऱ्यातले ताशी ४० किलोमीटर म्हणजे १:७६ मध्ये सेकंदाला साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे एक मीटरला जवळजवळ सात सेकंद. एकाला सात लागले, दुसऱ्याला साडेपाच. डीसीसी प्रणालीत, म्हणजे रुळांतूनच आदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीत, प्रत्येक इंजिनाच्या डीकोडरमध्ये क्रमांक दिलेल्या नोंदी असतात: सीव्ही २ म्हणजे निघतानाचा जोर, ५ म्हणजे कमाल, ६ म्हणजे मधला. पळकुट्या इंजिनाचा ५ हळूहळू खाली आणला. सतराव्या फेरीला दोघं सात सेकंदांवर आले. मग एका इंजिनात आवाजाचा डीकोडर. टू-स्ट्रोक जीएमचा तो भरडा, घुमणारा आवाज. मिरज स्टेशनवर हुबळी शेडचं इंजिन उभं असलं की छातीत जे घुमायचं, त्याच घराण्यातला. लहानपणी मिरजेत तिन्ही गेजच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या पाहिल्यात. हा नाद तिथूनच आलेला असणार.

२३ फेब्रुवारी

आता मुख्य काम. बीट.

दुमजली बीटवाघीण ही आयरिश रेल्वेची खास काटकसर. १९५० च्या दशकातल्या पन्हळी पत्र्याच्या उघड्या वाघिणी होत्या. १९८० च्या दशकात त्यांतल्या एकीचं धड दुसरीच्या धडावर चढवून उंच वाघीण केली. चारच चाकं, पण पोट दुप्पट. अशा आठ मला जुन्या बाजारात मिळाल्या. प्रश्न आत काय भरायचं हा.

खरं साखरेचं बीट वीतभर लांब, वर जाड, खाली निमुळतं, जास्वंदी लाल नव्हे तर मातकट पांढरं. १:७६ मध्ये म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर. स्वयंपाकघरात शोधमोहीम काढली. मोहरी फार गोल, तोफेचे गोळे वाटतात. राजगिरा बारीक. जिरं काडीसारखं. मेथी मात्र झकास! आकार ओबडधोबड, रंग जवळजवळ आहे तोच. थोडी मोठी, पण यंदा पीक चांगलं आलं म्हणू.

आठही वाघिणींत फोमचा तुकडा घालून वर मेथी रचली. नेहमीची पद्धत: पीव्हीए गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं सोडायचं.

२४ फेब्रुवारी

मेथी भिजवली की काय होतं हे चाळीस वर्षं मला माहीत आहे. आई रोज रात्री वाटीत भिजवायची.

सकाळी दार उघडलं तर आठही वाघिणी उतू गेलेल्या. दाणे दुप्पट फुगले, बुळबुळीत झाले, एका वाघिणीचा वरचा पत्रा बाहेर वाकला. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “मोड आले की सांग, उसळ करते.”

सगळं खरवडून काढायला संध्याकाळ गेली. वाकलेली वाघीण दुरुस्त झाली नाही. तिला यार्डाच्या टोकाला, नादुरुस्त म्हणून, गवतात उभी करणार.

९ मार्च

नवा प्रयोग: ओवा. दोन मिलिमीटर, एका टोकाला निमुळता, अंगावर शिरा. भिंगातून पाहिला तर बीटच. त्यात थोडे कारळे, मातीनं काळवंडलेल्या बीटांसाठी. तव्यावर कोरडं भाजून घेतलं, म्हणजे ओल उरत नाही. मग पातेल्यात फिकट राखाडी रंगाचे दोन हात, वाळू दिलं. या वेळी पाण्याचा थेंब नाही. फोमवर दाट गोंद, त्यावर ओवा दाबून, वरून मॅट वार्निशचा फवारा. शेवटी चहाच्या चाळणीतून बागेतली वाळलेली, चाळलेली माती.

दोन दिवस घराला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येतोय.

पण दिसतं मात्र खरं. सात वाघिणी जोडून कोपऱ्यात ठेवल्या आणि दिवा एका बाजूनं सोडला. फोटोत पाहिलेले तेच गोळे.

३० मार्च (पाडवा)

वडिलांना, आबांना, व्हिडिओवर लेआउट दाखवला. फोन हळूहळू रुळांवरून फिरवला. आबांनी चष्मा बदलला.

“ह्यो कारखाना कुठाय?”
“कारखाना लांब आहे आबा, दीडशे-दोनशे किलोमीटर. इथनं नुसतं भरून जातं.”
“रेल्वेनं? मग उतारा पडत न्हाई व्हय?”

ऊस तुटल्यावर दिवसागणिक वाळतो, उतारा घसरतो, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चिंता. सांगितलं, थंडी असते, बीटाला तेवढी घाई नसते. आणि साखर सोळा-सतरा टक्के. आबा थोडा वेळ गप्प.

“आन् काटा?”
“काटा आहे. वजनातनं माती वजा करतात. नमुना घेऊन साखर तपासतात.”
“माती किती धरायची ते कोण ठरवतं?”
“कारखाना.”
“म्हंजे हितल्यासारखंच की,” आबा हसले. मग फोनच्या जवळ येऊन म्हणाले, “रांग कुठाय? रांग दिसंना मला.”

जागा नाही म्हटलं. बोर्ड ४५ सेंटिमीटर रुंद, त्यात तीन रूळ, फलाट, केबिन. रांग कुठे लावू?

१३ एप्रिल

खडी टाकली. मेलेल्या माणसांना शिक्षा म्हणून हे काम द्यावं. इथे मात्र पाणी घातलेला गोंद चालतो. एक सांधा चिकटला, ब्लेडनं सोडवला.

२० एप्रिल (ईस्टर)

सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडात डाउनपॅट्रिकला. तिथल्या हौशी मंडळींनी जुन्या मार्गाचा तुकडा पुन्हा चालू केला आहे, ५ फूट ३ इंचांवर. माझ्या मॉडेलांच्याच १४१ वर्गातलं बी१४६ हे खरं इंजिन तिथेच असतं. परवानगी घेऊन फलाटाच्या टोकाला रुळांच्या आतल्या कडांमध्ये टेप धरला: १६००. हे मला ठाऊक होतं, तरी टेप धरला. बोगीच्या खालच्या बाजूचे साठ फोटो काढले. तेलाचे ओघळ नेमके कुठून निघतात ते आता माहीत आहे. आपण मॉडेलावर ते सगळीकडे सारखे माखतो. खऱ्यात काही जागा अगदी कोरड्या असतात, कारण तिथे कामगाराचा हात रोज लागतो.

१५ जून

सिग्नल. तारेवर चालणारे लाल हात, खाली सर्वो मोटार. हात पडल्यावर थोडा उसळून स्थिरावतो ती उसळी प्रोग्राममध्ये घातली. चारदा पाडून पाहिला. मग आणखी चारदा. जेवण गार झालं.

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून या मार्गावर ‘स्टाफ’ चालायचा. दोन स्टेशनांतल्या यंत्रांत मिळून एका वेळी एकच दांडा बाहेर निघतो आणि तो हातात असेल तोच ड्रायव्हर निघतो. आपल्याकडे नीलच्या यंत्रातून गोळा निघायचा, तेच तत्त्व. आमच्याकडे आईसक्रीमची काडी आहे. मुलगी केबिनवाली. काडी हातात असल्याशिवाय गाडी सोडू देत नाही. मी एकदा विसरलो तर तिनं वीजच बंद केली.

जुलै, ऑगस्ट

काही नाही. मेहुणे आले, रुळांखाली झोपले. उजेड रात्री दहापर्यंत, घरात बसवत नाही.

१४ सप्टेंबर

पहिली पूर्ण फेरी. रिकाम्या सात वाघिणी कोपऱ्यातल्या लपवलेल्या यार्डातून आल्या, लूपमध्ये थांबल्या. इंजिनांची जोडी सुटून दुसऱ्या टोकाला गेली, रिकाम्या सायडिंगला ढकलल्या. मग ‘भरणं’: फोमचे ओझे चिमट्यानं एकेक आत ठेवायचे. मुलीनं त्याला सात मिनिटं लावली आणि प्रत्येक वाघिणीमागे वहीत वजन लिहिलं. वजनं तिनं मनानं ठरवली. सहावीला माती जास्त म्हणून कापली.

दोन तास, चार फेऱ्या. दोनदा घसरली, दोन्ही वेळा बोर्डांच्या सांध्यावर. एका रुळाचं टोक अर्धा मिलिमीटर वर आलंय. खोलीतली आर्द्रता ७१ टक्के होती, प्लायवूडनं पाणी ओढलं असणार. स्क्रू सैल करून पत्र्याची चकती घातली.

१९ ऑक्टोबर

क्लबच्या खुल्या दिवसासाठी दोन्ही बोर्ड गाडीत घालून नेले. चर्चच्या सभागृहात बावीस लेआउट. चाकं दर अर्ध्या तासाला पुसावी लागत होती, कारण मुलं चिप्सचे हात रुळांना लावतात. एकवीस मिलिमीटरवाले दोघेही येऊन गेले. एकानं समोरून वाकून पाहिलंच.

तीनच्या सुमारास सत्तरीचा एक गृहस्थ आला, हातात टोपी. बराच वेळ नुसता उभा. मग विचारलं, हे वेलिंग्टनब्रिज का? त्या अंगानं जाणारं, म्हटलं. तो वेक्सफर्डचा शेतकरी निघाला, वीस वर्षं तिथे बीट घालायचा. इंजिनांबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही. वाघिणीतल्या ओव्याकडे वाकून पाहिलं, मान हलवली. काय आहे हे सांगितलं तेव्हा एक दाणा मागून घेतला आणि चावला. तोंड वाकडं केलं.

मग म्हणाला, “ट्रॅक्टर कुठे आहेत?”

एक होता. लोडरशेजारी उभा केलेला.

“एक नव्हे. आम्ही रस्त्यावर मागेपर्यंत उभे असायचो. पहाटे चारला निघायचो, तरी पुढे दहा जण. पुढचा हलला की आपण हलायचं, एक ट्रॉली पुढे. गाडी येते-जाते, त्याचं आम्हाला काय? आम्ही रांगेत.”

मी त्याला सांगितलं की माझे वडीलही हेच म्हणाले होते. ते कुठे असतात, त्यानं विचारलं. सांगितलं, ऊस सांगितला, बैलगाड्या सांगितल्या, आता ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावतात तेही. “आणि रांग?” “दोन-दोन दिवस.” त्यानं टोपी घातली. म्हणाला, दोन दिवस मात्र आम्ही कधी थांबलो नाही.

२ नोव्हेंबर

बोर्ड रुंद करता येत नाही, पण लांबी आहे. मागच्या पडद्याला लागून जे कुंपण होतं ते काढलं. तिथे ५५ मिलिमीटरचा रस्ता बसतो. कार्डबोर्डचा पाया, त्यावर बारीक सॅंडपेपर उलटा चिकटवून राखाडी केला, कडेनं चाकांनी ओढलेला चिखल, थोडा चमकता, कारण तो ओला असतो. रस्ता फाटकापासून निघतो आणि पडद्यावरच्या रंगवलेल्या वळणात शिरतो, म्हणजे रांग संपते कुठे ते दिसत नाही.

सात ट्रॅक्टर आणले. कुठलेही दोन सारखे नाहीत, त्यात दोन जुने मॅसी फर्ग्युसन. ट्रॉल्यांत ओवा. पहिले चार बंपरला बंपर लावून. पाचव्यापुढे थोडी जागा सोडली, कारण त्याचा ड्रायव्हर झोपलाय आणि अजून पुढे सरकलेला नाही. सहावा म्हणून त्याच्यामागे हॉर्न वाजवतोय. तो ऐकू येत नाही, पण त्याची एक खिडकी उघडी आहे आणि एक हात बाहेर आहे. सातव्याचा माणूस उतरून मागच्या चाकाला टेकून उभा. तंबाखू मळतोय असं मला वाटतं. इथला आहे, तर सिगारेट म्हणू.

आबांना फोटो पाठवला. उत्तर आलं: “पाचव्याला उठीव.”